गाडीचा एअर इनटेक बदलायचाय? आधी मोजा, मग पाना हातात घ्या

गाडीत काहीतरी बदल करायची हौस आली की पहिली नजर एअर फिल्टरवर जाते. बोनेट उघडलं की तो समोरच दिसतो, त्यासाठी इंजिन खोलावं लागत नाही आणि बदलल्यावर आवाजातला फरक त्याच दिवशी ऐकू येतो. दुकानदारही सांगतो, "पिकअप वाढेल, ॲव्हरेजही वाढेल." यातलं किती खरं हे तुमच्याच गाडीवर, पैसे खर्च करण्याआधी तपासता येतं. ते कसं तपासायचं आणि मग बदल करायचाच असेल तर कोणत्या क्रमाने करायचा, हे इथे सांगतो. उदाहरण घेतलंय आपल्याकडे सर्वात जास्त दिसणाऱ्या गाड्यांचं, म्हणजे स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय१० यांच्यातल्या १.२ लिटरच्या, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं चाक) नसलेल्या पेट्रोल इंजिनाचं. टर्बोवाल्यांसाठी वेगळं सांगण्यासारखं आहे, तेही मध्ये येईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा गाड्यांत इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारी फिल्टरसकटची वाट, बदलून मिळणारी ताकद फार थोडी असते आणि चुकीचा इनटेक लावला तर हातात असलेली ताकदही जाते. तरीही नीट केलेलं काम वाया जात नाही, कारण या निमित्ताने आपली गाडी आपल्याला आतून कळते.

पहिली पायरी : हवेची वाट डोळ्यांनी बघा

इंजिन गार असताना बोनेट उघडा. हेडलाईटच्या मागे किंवा ग्रिलच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकच्या नळीचं तोंड दिसेल. हवा तिथून आत येते. पुढे फिल्टरचा डबा, त्याला सगळे एअर बॉक्स म्हणतात. वाटेत कुठेतरी एक बंद प्लॅस्टिकचा डबा लटकलेला असतो आणि तो निरुपयोगी वाटतो. तो रेझोनेटर. हवेच्या लाटांचा आवाज तो दाबतो, आणि काही गाड्यांत नळीची लांबी व या डब्याचं आकारमान मिळून कमी आरपीएमवरचा जोरही सांभाळतात. एअर बॉक्सनंतर रबरी घड्यांचा होज, मग थ्रॉटल बॉडी, जिच्यातली पाकळी ॲक्सिलरेटर दाबला की उघडते, मग मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्या. टॅपेट कव्हरवरून एक बारीक पाईप येऊन याच होजला मिळतो, तो ब्रीदर. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ त्यातून परत जळायला जाते.

आता सेन्सर शोधा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे. एअर बॉक्स आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामधल्या नळीवर वायरचा कनेक्टर लावलेला सेन्सर असेल, तर तो बहुधा मॅफ, म्हणजे आत जाणारी हवा थेट मोजणारा. तिथे काही नसेल आणि मॅनिफोल्डवर छोटा सेन्सर असेल तर तो मॅप, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा. (नळीवर फक्त तापमानाचा छोटा सेन्सर असलेल्या गाड्याही असतात, तो दिसायला सुटसुटीत आणि दोन वायरींचा असतो.) आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅपवर चालतात. ज्याला लोक लाडाने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत, त्या फियाटच्या १.३ लिटर डिझेलमध्ये मात्र मॅफ असतो.

मॅफवाल्या गाडीत नळीचा व्यास बदलणं धोक्याचं आहे. सेन्सरची गरम पट्टी तिच्यावरून जाणाऱ्या हवेनुसार थंड होते आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, एकूण हवेचा हिशेब लावतो. हा हिशेब मूळ नळीच्या व्यासावर बेतलेला असतो. नळी मोठी केली की तेवढीच हवा सावकाश वाहते, सेन्सरला ती कमी वाटते आणि पेट्रोल कमी सोडलं जातं. म्हणून मॅफ बसतो तो मूळ तुकडा कधीही काढू नका.

दुसरी पायरी : मोजा

स्टिअरिंगखाली ओबीडी पोर्ट, म्हणजे ईसीयूतले आकडे वाचायची खाच, असते. त्यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर काही शे रुपयांपासून मिळतो, आणि फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप घेतलं की काम झालं. या सगळ्या उद्योगातली सर्वात मोलाची खरेदी हीच, असं मी मानतो. फिल्टरपेक्षाही.

आता मॅपवाल्या, टर्बो नसलेल्या गाडीची एक साधी चाचणी. इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा आणि मॅनिफोल्डचा दाब वाचा. हा बाहेरच्या हवेचा दाब झाला. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास दिसेल, पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथे ९४-९५. मग मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून साडेपाच हजार आरपीएमपर्यंत न्या. आकडे ॲपला नोंदवू द्या, फोन शेजारी बसलेल्याच्या हातात असू द्या, तुमची नजर रस्त्यावर. नंतर नोंद उघडून सर्वात वरच्या आरपीएमचा दाब बघा.

समजा पुण्यात चावी ऑनला ९५ होता आणि पूर्ण ॲक्सिलरेटरला ९३. म्हणजे नळीच्या तोंडापासून फिल्टर, होज आणि थ्रॉटल बॉडीपर्यंतच्या सगळ्या वाटेत मिळून २ किलोपास्कल गेले, जवळपास दोन टक्के. जगातला सर्वात महागडा इनटेक लावला आणि अडथळा अगदी शून्यावर आला, तरी यापेक्षा जास्त काही परत मिळणार नाही. ८० बीएचपीच्या इंजिनात ते दीड बीएचपीच्या आसपास. शिवाय त्यातला काही अडथळा थ्रॉटल बॉडीचा असतो, त्याला तुमचा फिल्टर हातही लावत नाही. फरक ५-६ किलोपास्कल आला तर वाटेत काहीतरी अडलंय. आणि ते शोधणं नवा इनटेक घेण्यापेक्षा स्वस्त आहे.

दुसरी नोंद तापमानाची. ॲपमध्ये इनटेक हवेचं तापमान दिसतं. बाहेरचं तापमान लिहून ठेवा, मग ताशी ६० ने सलग दहा मिनिटं आणि ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं गाडी चालवून दोन्ही आकडे नोंदवा. हवा दर १० अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. दाबातले दोन टक्के वाचवायला गेलात आणि हवा २० अंशांनी तापवून घेतलीत तर सहा टक्के गमावलेत. त्यात गरम हवेने इंजिन ठोका द्यायला लागण्याची भीती असते, म्हणून ईसीयू स्पार्क उशिरा सोडतो आणि ताकद आणखी घटते. (तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डवरच असेल तर गाडी उभी असताना तो इंजिनाच्या धातूने तापतो. अशा गाडीत चालत्या गाडीचेच आकडे धरा.)

तिसरी नोंद फ्युएल ट्रिमची, तात्पुरती आणि दीर्घ मुदतीची. पेट्रोलचा एक भाग जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखायला ईसीयूला मूळ हिशेबात किती टक्के कमी-जास्त करावं लागतंय, ते ट्रिम सांगतो. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहाच्या आत असेल तर ठीक. बदलाआधीचे आकडे जपून ठेवा, नाहीतर नंतरच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

शेवटी पिकअप. सपाट, रिकामा, सरळ रस्ता निवडा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० ला किती सेकंद लागतात ते ॲपच्या नोंदीतून काढा, जाताना आणि येताना, म्हणजे वारा आणि उतार दोन्ही दिशांना वाटले जातात. पहाटेची वेळ बरी.

तिसरी पायरी : जे आहे ते आधी नीट करा

एअर बॉक्सच्या क्लिपा उघडा आणि आत बघा. पावसाळ्यानंतर नळीच्या तोंडाशी ओल्या पानांचा लगदा सापडतो. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत उंदराने कापूस आणि कागद आणून घर केलेलं असतं. हे थट्टेने म्हणत नाही, हे आपल्याकडे फार घडतं. फिल्टरच्या घड्या धुळीने भरल्या असतील तर मूळ कंपनीचा नवा कागदी फिल्टर आणा, तो काही शे रुपयांत येतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही. उसाच्या बैलगाड्या आणि डंपर ज्या रस्त्यावर चालतात तिथे रोज जात असाल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच बदला.

डब्याच्या झाकणाची रबरी कड, होजच्या घड्यांतल्या भेगा आणि होज क्लिपांचा घट्टपणा तपासा. थ्रॉटल बॉडीच्या पाकळीवर काळं, तेलकट जमलं असेल तर थ्रॉटल क्लीनर कापडावर घेऊन पुसा. पाकळी बोटाने ढकलू नका, हल्लीच्या गाड्यांत ती मोटरवर फिरते. एवढं करून दुसऱ्या पायरीतले आकडे पुन्हा घ्या. बऱ्याच जणांचं समाधान इथेच होतं.

ॲव्हरेजबद्दल इथेच बोलून घेऊ. पेट्रोल गाडी आरामात चालवताना थ्रॉटलची पाकळी अर्धवट बंद असते, आणि हवेच्या वाटेतला सर्वात मोठा अडथळा तीच असते. फिल्टर मोकळा केला तर ईसीयूला हवी तेवढीच हवा मिळावी म्हणून पाकळी किंचित जास्त मिटते, इतकंच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनवाल्या गाड्यांत मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिले, तेव्हा इंधनाच्या खर्चात फरक दिसला नाही, पिकअप मात्र पडला. त्यामुळे ॲव्हरेज वाढेल या आशेने इनटेक घेऊ नका.

चौथी पायरी : निवड

मूळ एअर बॉक्समध्ये बसणारा, तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर हा सर्वात सुरक्षित बदल. केअँडएन, बीएमसी यांचे असे फिल्टर आपल्याकडे मिळतात, किंमत काही हजारांत जाते. हवा थंड ठिकाणाहूनच येत राहते, सेन्सर जागेवर राहतात आणि वाटलं तर पाच मिनिटांत जुना फिल्टर परत बसतो. त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सर्वात बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस ठरतो. आपल्या मातीतले वाळूचे बारीक कण इंजिनाच्या रिंगांपेक्षा कठीण असतात आणि आत गेले की सिलिंडरच्या भिंती घासतात. हे नुकसान पहिल्या वर्षी दिसत नाही. काही वर्षांनी गाडी तेल खायला लागते, तेव्हा कुणाला फिल्टर आठवत नाही. रोज कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी कागदीच ठेवीन.

मग येतो उघडा कोन, म्हणजे एअर बॉक्स काढून त्याजागी लावलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर. आवाज झकास येतो, ॲक्सिलरेटर दाबला की हुंकार ऐकू येतो आणि गाडी वेगवान झाल्याचा भास होतो. पण हा फिल्टर इंजिनाच्या आणि रेडिएटरच्या पंख्याच्या गरम हवेत बसलेला असतो. मे महिन्यात चंद्रपुरात बाहेर ४५ अंश असताना ट्रॅफिकमध्ये बोनेटखाली किती तापत असेल, ते ॲपमध्ये स्वतः वाचा. सिग्नल सुटल्यावर गाडी आधीपेक्षा जड वाटते ती यामुळेच. कोन लावायचाच असेल तर त्याभोवती इंजिनापासून आडोसा करणारा पेटीसारखा भाग हवा आणि मूळ नळीचं तोंड त्या पेटीत आणलेलं हवं. यातलं काहीच नसलेला, बाजारात रंगीत नळीसकट स्वस्तात मिळणारा कोन घेऊ नका.

थंड हवेच्या ओढीने काही जण लांब नळी टाकून फिल्टर थेट बंपरच्या आत, चाकाशेजारी उतरवतात. तापमानाचा आकडा खरंच सुधारतो. पण आपल्या पावसात हा प्रकार मला मान्य नाही, त्याचं कारण पुढे.

(थंड म्हणजे दाट, हे उंचीवर खरं ठरत नाही. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे. तिथली २० अंशांची हवा चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या हवेपेक्षाही विरळ भरते, कारण दाबच कमी. घाट चढून आल्यावर गाडी ओढत नाही म्हणून फिल्टरला दोष देऊ नका.)

टर्बो गाडीचं गणित थोडं वेगळं आहे. वाटेत अडथळा असेल तर टर्बोला तोच दाब द्यायला जास्त फिरावं लागतं, म्हणून मोकळ्या इनटेकचा फायदा इथे जास्त मिळू शकतो, विशेषतः ईसीयूचं रीमॅप, म्हणजे त्याच्या प्रोग्रॅममध्ये बदल, केला असेल तर. पण एरवी ईसीयू ठरवलेल्या दाबाच्या पुढे जात नाही. आणि टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेतं, त्याच्या पात्यांवर धूळ किंवा सुटलेला स्क्रू आदळला तर दुरुस्तीचा खर्च छातीत धडकी भरवेल एवढा येतो. टर्बोवाल्यांनी स्वच्छतेत जराही ढिलाई करू नये.

पाचवी पायरी : बसवणं

फक्त फिल्टर बदलत असाल तर क्लिपा उघडा, डबा आतून ओल्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळवा. फिल्टरची रबरी कड खाचेत सगळीकडून बसली आहे ना, हे बोट फिरवून बघा, झाकण लावा. झालं. झाकण बसवताना जोर लावावा लागत असेल तर फिल्टर नीट बसलेला नाही.

पूर्ण इनटेक बदलत असाल तर सकाळची वेळ घ्या. दहाचा सॉकेट, स्क्रू ड्रायव्हर, स्वच्छ कापड, सुटे नट ठेवायला एक वाटी. आधी फोनवर चारी बाजूंनी फोटो काढा. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. सेन्सरचा कनेक्टर लॉक दाबून सोडवा, वायर ओढून नव्हे. ब्रीदर पाईप हलकेच पिळून काढा, जुना असेल तर तो तडकतो. होज सुटला की पहिलं काम म्हणजे थ्रॉटल बॉडीच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबणं. आत पडलेला एक वॉशरसुद्धा इंजिन संपवू शकतो. मॅफ सेन्सरच्या पट्टीला बोट, कापड, ब्रश काहीही लावू नका. साफ करायचाच असेल तर त्याचाच खास स्प्रे वापरा, कार्ब क्लीनर नको.

नवी नळी आधी क्लिपा सैल ठेवून जागेवर बसवा, बोनेट हळू मिटून कुठे टेकते का बघा, मग घट्ट करा. मॅफ असेल तर त्यावरच्या बाणाची दिशा इंजिनाकडे. ब्रीदर परत फिल्टरनंतरच्या नळीलाच जोडा. काही जण तो मोकळा सोडतात किंवा त्याच्यावर छोटा फिल्टर चिकटवतात. त्याने तेलाची वाफ बोनेटखाली आणि हवेत जाते, आणि मॅफवाल्या गाडीत न मोजलेली हवा आत शिरते. नळी फक्त रबरावर लटकत ठेवू नका, तिला बॉडीशी एक ब्रॅकेट द्या, कारण इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही. कापड काढायला विसरू नका.

सहावी पायरी : तपासणी

इंजिन सुरू करून दहा मिनिटं आयडलवर राहू द्या. सुरुवातीला आरपीएम थोडे वर-खाली होतील, बॅटरी काढल्यावर ईसीयू नव्याने शिकतो. जोडांजवळ कान नेऊन शिट्टीसारखा आवाज येतो का ऐका, सैल कपडे आणि हात पंख्यापासून लांब ठेवून. मग दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि ट्रिम वाचा. मॅफवाल्या गाडीत दीर्घ मुदतीचा ट्रिम अधिक पंधरा-वीसकडे सरकत असेल तर फिल्टरनंतर कुठेतरी चोरवाट आहे किंवा सेन्सरचं वाचन बिघडलंय. चेक लाईट लागून पी०१७१ कोड आला तर त्याचा अर्थ मिश्रण पातळ झालंय. पी०१०१ मॅफकडे बोट दाखवतो. पी०११३ आला तर बहुतेक वेळा तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिलेला असतो. कोड नुसता पुसून गाडी पळवू नका. मॅपवाल्या गाडीत थ्रॉटलआधीची गळती ट्रिममध्ये दिसतच नाही, धूळ मात्र आत जात राहते, म्हणून तिथे डोळ्यांनीच खात्री करावी लागते.

दुसऱ्या पायरीतल्या सगळ्या चाचण्या त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तेवढ्याच पेट्रोलवर पुन्हा करा. हजारेक किलोमीटरनंतर फिल्टरच्या पुढची नळी उघडून आत पांढरं कापड फिरवा. कापडावर मातकट धूळ आली तर तो फिल्टर कितीही नावाजलेला असो, काढून टाका.

पावसाळा

पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. कंपनीने नळीचं तोंड हेडलाईटच्या उंचीवर ठेवलंय ते याचसाठी. बंपरमध्ये उतरवलेला फिल्टर अंधेरी सबवेत किंवा हिंदमाताला गुडघाभर पाण्यात सरळ बुडतो. साध्या विमा पॉलिसीत असं नुकसान सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि न कळवलेला बदल दिसला तर तिथेही वाद होतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, टो करा, फिल्टर उघडून ओला आहे का बघा.

सुती फिल्टर धुताना नळाचं हलकं पाणी आतून बाहेर सोडा, म्हणजे धूळ आली त्या वाटेने परत जाते. वाळवणं सावलीत, हेअर ड्रायर किंवा कॉम्प्रेसरची हवा नको. जुलैत कोकणात त्याला दोन दिवसही लागतील, तोवर जुना कागदी फिल्टर लावून गाडी चालवा. पूर्ण वाळल्यावरच तेल द्या, आणि बेताने, कारण जास्तीचं तेल मॅफच्या पट्टीवर जाऊन बसतं.

कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा कडक अर्थ लावला. नियमबाह्य बदलासाठी कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ डब्यात बसणारा फिल्टर हा झिजणारा, बदलायचाच भाग आहे, त्याने आरसीवरचं काही बदलत नाही. उघडा कोन आणि मोकळा ब्रीदर मात्र आवाज आणि धूर या दोन्ही बाजूंनी तुम्हाला अडचणीत आणू शकतात. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

काढलेला एअर बॉक्स, रेझोनेटर, होज आणि प्रत्येक क्लिप पिशवीत भरून, वर गाडीचं मॉडेल लिहून माळ्यावर ठेवा. वॉरंटीचा दावा करताना किंवा गाडी विकताना तो संच लागतोच, आणि जुन्या मॉडेलचा बॉक्स नंतर शोधायला गेलं तर पटकन मिळत नाही.